पंडिता रमाबाई डोंगरे

स्मरणिकेसाठी ज्ञातीतील एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने मला कळविले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. ते ऐकून बैठकीत क्षणभर शांतता पसरली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, महर्षी कर्वे ही नावे घेताना आपण मान ताठ करतो. रमाबाई जन्माने चित्पावन, विद्वत्तेत त्यांच्या काळच्या कोणत्याही शास्त्र्याला न हार जाणाऱ्या. परंतु त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून त्यांचे नाव आपल्यात दबक्या आवाजात घेतले जाते. मंडळाने अखेर संमती दिली, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. धर्मांतर योग्य की अयोग्य ह्या वादात मी शिरणार नाही. एका बाईने आयुष्यभर काय शोधले आणि ते तिला कोठे सापडले, एवढेच सांगण्याचा माझा मानस आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणातून दक्षिणेकडे, मंगळूरच्या बाजूस जाऊन राहिलेल्या चित्पावन घराण्यांपैकी एका घराण्यातील. तरुणपणी विद्येसाठी ते पुण्यास आले व रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करू लागले. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकविण्यास जात. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले की, आपणही आपल्या पत्नीस शिकवावे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांच्या विरोधामुळे ते जमले नाही. ती वारल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी गोदातीरी पैठण क्षेत्री एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांस दिली. ह्याच लक्ष्मीबाई. त्यांना शिकविण्यास शास्त्रीबोवांनी आरंभ केला आणि गावात गिल्ला झाला. उडुपीच्या विद्वानांपुढे त्यांना शास्त्रार्थ करावा लागला. स्त्रीने वेद सोडून इतर संस्कृत विद्या शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. तरीही जाच चुकेना, म्हणून बिऱ्हाड उचलून ते सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

पुढे येणारे-जाणारे यात्रेकरू, विद्यार्थी आणि अतिथी यांच्या सरबराईत घरचे सर्व द्रव्य संपले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, श्रोते देतील त्या शिध्यावर निर्वाह करावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. रमाबाईंना आईने पहाटे उठवून मांडीवर घेऊन संस्कृत शिकविले. पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते.

मग दुष्काळ आला. १८७४ ते १८७७ ह्या काळात मद्रास इलाख्यात अन्नान्नदशा झाली. शास्त्रीबोवांजवळ होते तेवढे ब्राह्मणभोजनात, दानात व देवतांच्या अनुष्ठानात गेले. पुण्य जोडले म्हणजे दैव फिरेल, ही त्यांची श्रद्धा अढळ होती. मजुरी करावी तर सवय नाही, भीक मागावी तर कुलशील आड येते. कित्येक दिवस पाण्यावर व झाडपाल्यावर काढून वृद्ध अनंतशास्त्र्यांनी प्राण सोडला. थोड्याच दिवसांत आई अंथरुणास खिळली. तिच्यासाठी शेजारच्या एका ब्राह्मणीच्या दारी भाकर मागण्यास रमाबाई गेल्या, पण शब्द तोंडातून फुटेना. त्या बाईनेच चेहरा ओळखून बाजरीची भाकर हाती दिली. आईला ती खाता आली नाही. प्रेत उचलण्यास चार माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांनी दया करून खांदा दिला, तिसरा बंधू श्रीनिवासशास्त्री आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत असल्याने त्यांनी तिरडीची ती बाजू डोक्यावर घेतली. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

ह्या प्रसंगावर मी थोडा अधिक थांबलो, कारण रमाबाईंच्या मनातील गाठ येथे पडली असे मला वाटते. आईबापांनी कोणते पाप केले होते? एकही व्रत त्यांनी सोडले नाही, एकही तीर्थ चुकविले नाही. आणि इतके करूनही भोग संपला नाही, तर तो कोणत्या उपायाने संपणार?

बहीणभाऊ अनवाणी चालत उत्तरेस काश्मीरपर्यंत आणि पूर्वेस बंगालपर्यंत गेले. पंजाबात थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ते झोपत. १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले आणि तेथे नशीब पालटले. वीस वर्षांची मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, श्लोक रचते, हे पाहून तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती देऊन वाचण्यास सांगितले. स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने द्यावयाची म्हणून रमाबाई स्मृतिग्रंथ वाचू लागल्या, आणि ज्या ग्रंथांच्या आधारावर सारे आयुष्य उभे होते त्यांतच त्यांना मोठा धक्का बसला. ग्रंथ आपसांत हजार गोष्टींवर भांडत असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत त्यांना आढळले. ते असे की, स्त्रीजात स्वभावतःच पापी आहे आणि पतिसेवेवाचून तिला गती नाही. हा त्यांनी काढलेला अर्थ. आपल्या शास्त्रांत दुसरीही वचने आहेत, हे मी जाणतो. परंतु बालविधवेच्या वाट्याला प्रत्यक्षात कोणती वचने आली, हे घरोघरीच्या माजघरांना ठाऊक आहे.

माझ्या आजोबांची एक बहीण होती. तिला आम्ही सर्वजण आत्या म्हणत असू. ती अकराव्या वर्षी विधवा झाली. नवऱ्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. मी पाचवीत असताना एकदा तिला विचारले की, तू एकादशी, प्रदोष, चातुर्मास सगळे इतके कडक का पाळतेस? ती शांतपणे म्हणाली, मागच्या जन्मी मी काहीतरी मोठे पाप केले असेल, ते फेडते आहे. काय पाप, ते तिला माहीत नव्हते. साठ वर्षे ती न पाहिलेले कर्ज फेडत राहिली आणि ते फिटले असे तिला कोणी कधी सांगितले नाही. घरातले आम्ही सर्व तिच्यावर माया करीत होतो. पण लग्नकार्यात ती समोर येऊ नये, याचीही काळजी घेत होतो.

असो. १८८० साली ढाक्का येथे श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता. त्यामुळे ज्ञातीशी त्यांचा संबंध तेथेच तुटला. आसामकडे सिलचर येथे त्यांचा संसार झाला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेला. संसार दोन वर्षेही टिकला नाही. सिलचरच्या घरी पतीच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. ती त्यांनी आवडीने वाचली. पण पतीला ते रुचले नाही आणि विषय तेथेच राहिला.

तेवीस वर्षांची ही विधवा कडेवर मूल घेऊन पुण्यास आली. रानडे, भांडारकर आदी मंडळींनी तिचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले गेले, हंटर कमिशनपुढे साक्ष झाली. त्या साक्षीत स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी त्यांनी केली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. ह्या भगिनींची शाखा पुण्यात असल्याने ओळख आधीच होती. जाताना त्यांनी धर्म बदलणार नाही असे सांगितले होते, आणि त्या वेळी तसा त्यांचा विचारही होता.

वाँटेजच्या भगिनींनी एकदा त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे पाठविले. तेथे पतित स्त्रियांसाठी आश्रम होता. ज्यांचे नाव सभ्य घरात घेऊ नये अशा स्त्रिया तेथे राहात, काम शिकत, आणि त्यांतील काही पुढे स्वतःच इतरांची शुश्रूषा करीत. रमाबाईंना ह्याचा अचंबा वाटला. आपल्याकडे अशा बाईला घराचे, देवळाचे व ज्ञातीचे दार कायमचे बंद होते; प्रायश्चित्त होते ते बहुधा पुरुषाला. ह्या भगिनींना अशा स्त्रियांविषयी ममता का वाटावी, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला. शोमरोनी जातीची एक स्त्री भर दुपारी एकटीच विहिरीवर पाणी भरण्यास येते. पाच नवरे करून सहाव्याबरोबर राहणारी ती. येशू तिच्या हातचे पाणी मागतो, तिचे सारे आयुष्य तिला सांगतो, आणि तरीही तिला झिडकारीत नाही. जीवनाच्या पाण्याची मोठी गोष्ट तो तिच्याचपाशी बोलतो. संस्कृत वाङ्मयाचा एवढा सागर पालथा घातलेल्या रमाबाईंना ही कथा नवी होती. परजातीच्या, बदनाम बाईच्या हातचे पाणी मागणारा गुरू त्यांनी ह्यापूर्वी पाहिला नव्हता.

आपल्याच ज्ञातीतील, काशीत वाढलेले आणि १८४८ साली ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचाही त्यांच्यावर परिणाम झाला. ह्याच सुमारास त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या माणसांत हा आघात केवढा असेल याची कल्पनाच करावी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात वादळ झाले. ज्या वर्तमानपत्रांनी त्यांना सरस्वती म्हटले होते, त्यांनीच त्यांच्यावर विश्वासघाताचा आरोप केला. त्या वेळी जोतीराव फुले यांनी 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली. इकडे वाँटेजच्या भगिनींनाही ह्या शिष्येने सुख दिले असे नाही. प्रत्येक सिद्धान्त तर्काच्या कसोटीला लावावयाचा, ग्रंथात आधार दिसत नसेल तर मानावयाचा नाही, असा त्यांचा बाणा. शास्त्रार्थ करणाऱ्या बापाची लेक ती! भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. तो वाचताना मला अनेकदा हसू येते.

श्रवणदोषामुळे वैद्यक शिकणे सुटले. आपल्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास म्हणून १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्ये तेथे त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळी उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि त्याच आपल्या बाया कर्वे. मुरूडकरांनी ह्या विवाहाबद्दल कर्व्यांवर बहिष्कार घातला. आज आपण त्यांची जयंती साजरी करतो, तेव्हा बायांचे शिक्षण कोणाच्या छपराखाली झाले हेही लक्षात असावे.

ह्याच काळात रमाबाईंच्या अंतर्यामी जे घडले, ते बाहेर कोणास दिसले नाही. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. प्रार्थना चालू होती, कार्य चालू होते. तरी मनाचा भार उतरला नव्हता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांनी वाचले. हा गृहस्थ कित्येक वर्षे चर्चमध्ये उपदेश करीत होता आणि मग एके दिवशी त्याला कळून आले की, दुसऱ्यांना सांगतो ते आपणांस स्वतःला मिळालेलेच नाही. हे वाचून रमाबाई दचकल्या. आपणही ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो बुद्धीने पटला म्हणून; जिवंत ख्रिस्त आपणांस भेटला कोठे? आपण तरी आईबापांप्रमाणे पुण्याची बेरीजच करीत आहोत; अनुष्ठानाच्या जागी शाळा आली एवढेच. पापाची क्षमा ही कमवावयाची वस्तू नाही, ती दिलेली आहे आणि रिकाम्या हाताने घ्यावयाची आहे, हे त्यांना त्या वेळी उमगले. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा बदल जन्मभराच्या अंधारातून उजेडात येण्यासारखा वर्णिला आहे. बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षा ह्या दिवसाला त्यांच्या लेखी अधिक मोल होते.

ज्ञातीची क्षमा कशी मिळते, याचे प्रात्यक्षिकही पुण्यात नेमके त्याच वेळी चालू होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. कोणी प्याले, कोणी नुसता पेला हाती धरला. नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य सुरू झाले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले. रानड्यांसारख्या पुरुषाला १८९२ साली प्रायश्चित्त घेऊन ते मिटवावे लागले. लोकमान्यही त्यातून सुटले नाहीत. एक पेला चहा, दोन वर्षांचा वाद, आणि शेवटी विधी करून शुद्धी. हे मी चेष्टेने लिहीत नाही. माझ्या पणजोबांच्या पिढीला ज्ञातीबाहेर पडणे म्हणजे मुलीचे लग्न अडणे आणि प्रेताला खांदेकरी न मिळणे, असा त्याचा प्रत्यक्ष अर्थ होता.

मात्र रमाबाईंच्या चरित्रात सर्व दोष आपल्या लोकांकडेच होता, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शारदा सदनात धर्माचा उपदेश होणार नाही, अशा समजुतीवर रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळात आपले नाव दिले होते. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. त्यांनी कोणास बोलाविले नाही आणि कोणास हाकलूनही दिले नाही. १८९१ नंतर जे मिळाले ते दाराआड लपविणे त्यांना शक्य नव्हते. परंतु ज्या बापाने विश्वासाने विधवा मुलगी तेथे ठेवली, त्याचीही बाजू होती. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि कितीतरी मुलींना पालकांनी काढून नेले. दोन्ही पक्ष आपापल्या ठायी खरे होते, असे माझे मत आहे. नुकसान झाले ते त्या मुलींचे.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा मध्य प्रांतातील हकिकती वाचून रमाबाईंना आपले वीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्यास परवानगी मिळेना, म्हणून पुण्याहून सुमारे ५५ किलोमीटरांवर, दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू ठोकले. तेथेच १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी, शेती, गोठा, विणकाम, छापखाना, सर्व कामे स्त्रियाच करीत. आंधळ्यांसाठी निराळी व्यवस्था होती. त्यांना बोटांनी वाचावयास मनोरमाबाई शिकवीत. आणि १८९९ मध्ये फुलहॅमची आठवण प्रत्यक्षात आली. फसवल्या गेलेल्या व घराबाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. मूल पोटात घेऊन विहीर शोधीत फिरणाऱ्या बाईला केडगावचे दार उघडे होते. तिला तिच्या घरचे आडनाव विचारून परत पाठविले जात नसे.

१९०५ साली मुक्तीत मोठे धार्मिक जागरण झाले. शेकडो मुली आपली पापे मोठ्याने सांगून रडल्या, प्रार्थनेत रात्री सरल्या. देशोदेशीच्या ख्रिस्ती मंडळींत त्याची फार ख्याती आहे. माझ्यासारख्या शाळामास्तराच्या आवाक्यातील तो विषय नव्हे, म्हणून तो येथेच सोडतो.

मला अधिक आपले वाटते ते त्यांचे अखेरचे काम. मराठी बायबल होते, पण त्याची भाषा खेड्यातल्या बाईला कळण्याजोगी नाही, असे त्यांना दिसले. वयाच्या पन्नाशीकडे झुकलेल्या, कानांनी अधू असलेल्या ह्या बाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मुळावरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविण्यास बसल्या. ज्या जिभेवर भागवताचे श्लोक होते, तिने जाणूनबुजून संस्कृतप्रचुर शब्द टाळले. शेवटपर्यंत अंगावर जाडेभरडे पांढरे लुगडे आणि ताटात शाकाहारी जेवण, हा क्रम विलायतेतही मोडला नव्हता.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्यानंतरची वर्षे कठीण गेली. जिच्यावर सारे सोपवावयाचे ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी वारली. लहानपणी आईचे प्रेत डोक्यावर वाहिलेल्या ह्या मातेला लेकीचेही मरण पाहावे लागले. त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते हातावेगळे होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्याची पाने मुक्तीतील स्त्रियांनी मुक्तीच्याच छापखान्यात खिळे जुळवून छापली होती. दुष्काळात उचलून आणले तेव्हा त्यांतील बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती.